झाडावरची वाघाटी

"शेळी," मी म्हणाले.

"फुडचं बगा," केरबा आबा म्हणाले.

पुढची पण शेळीच होती. त्याच्या पुढची तीच शेळी, पाठमोरी. मग दोन वानरं, मग एक कुत्रं, मग कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी येऊन, आरशात बघावं तसा मिशीवरून हात फिरवणारा गिरणीवाला रंगराव. रंगराव गेला आणि पुन्हा शेळी.

मी लॅपटॉप फाडकन मिटला. डोंगरात झाडाझाडांना बांधलेले माझे ते कॅमेरे. समोरून काहीही हललं की आपोआप फोटो काढायचे. ऊन म्हणू नका, काटे म्हणू नका, गुडघे फुटेस्तोवर चढून मी ते बांधले होते, आणि महिनाभर त्यांनी मला चिलारवाडीतली एकूणएक शेळी दाखवली होती. आता मला त्या शेळ्या नावानिशी ओळखता येत होत्या.

"रंगरावाला काय काम होतं हो तिथं?" मी विचारलं.

"काम कसलं! फोटू निगतोय म्हनून गेला आसंल," आबा म्हणाले. "ताई, वाघाटी हाय. म्या बघिटलीया."

हे वाक्य ते रोज एकदा म्हणायचे. मला धीर द्यायला म्हणायचे, पण ऐकून माझा जीव आणखीनच वरखाली व्हायचा.

आता हे वाघाटीचं प्रकरण सांगायला हवं. वाघाटी म्हटलं की आपल्याकडं शंभरातल्या नव्याण्णवांना भाजी आठवते. काटेरी वेल, झाडावर चढलेली, आषाढात तिला हिरवी फळं धरतात आणि एकादशीचा उपास बारशीला सोडताना ती भाजी पानात लागतेच. पण वाघाटी नावाचं एक रानमांजरही असतं. लहानसं, ठिपक्याठिपक्यांचं, आणि असं लाजरं की त्याच डोंगरात जन्म काढलेल्या माणसाला ते दिसेलच याचा भरवसा नाही. मी तेव्हा पुण्याच्या एका संस्थेत या मांजरांचा अभ्यास करत होते. करत होते म्हणजे काय, मांजरं सोडून बाकी सगळं बघत होते.

कराडच्या एका कॉलेजात आमचं प्रदर्शन होतं. "वाघाटी म्हणजे नुसती भाजी नव्हे, या नावाचं मांजर असतं," असं मी मुलांना सांगत होते, तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ थेट माझ्यासमोर आले. दवाखान्याच्या कामाला आलेले, सावलीला म्हणून आत शिरलेले. डोक्याला पटका, हातात औषधाची पिशवी. हेच केरबा आबा.

"बाई, काय म्हनाला? पुन्यांदा म्हना."

"वाघाटी नावाचं मांजर असतं."

त्यांनी माझा हात धरला. "आता हेच आमच्या गावात येऊन म्हना," ते म्हणाले.

वीसेक वर्षांपूर्वी आबांनी चिलारवाडीत गिरणीच्या कट्ट्यावर येऊन सांगितलं होतं, "आज म्या वाघाटी बघिटली. झाडावर बसल्याली." त्यांच्या आजोबांनी त्यांना मांजराचं ते नाव सांगितलं होतं. बाकी गावाला ते ठाऊक नव्हतं. त्यावर रंगराव, तेव्हा ऐन जवान, म्हणाला, "आबा, वाघाटी झाडावरच आसती की! तोडून आनायची, भाजी केली आसती." कट्टा जो हसला तो हसला. तेव्हापासून दर आषाढी एकादशीला कुणी ना कुणी आबांच्या दारात जाऊन हाळी घालायचं, "आबा, वाघाटी घावली, चला!" आणि या हाळीत रंगराव पहिला.

एवढ्यावर भागलं असतं तर थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. पण केरबा आबा म्हणजे पंचक्रोशीत साक्षीचा माणूस. कुणाचा बांध कुठून गेला, कुणाच्या विहिरीत कुणाचा वाटा, सगळ्याला आबांना बोलवायचे, आणि आबा म्हणाले की वाद मिटायचा. मग रंगरावाचाच त्याच्या चुलतभावाशी बांधावरून तंटा लागला. दोघांच्या बापांनी हद्दीचा धोंडा पुरला तेव्हा तिथं हजर असलेला एकच माणूस जिवंत होता, केरबा आबा. गाव जमलं. आबा सांगायला उठले. त्यांचा शब्द आपल्या विरुद्ध जाईल की काय या भीतीनं असेल, किंवा नुसती जिभेची खाज असेल, रंगराव म्हणाला, "आबा, त्यो धोंडा बी झाडावर हुता का?"

सगळे हसले. आबा खाली बसले, ते पुन्हा कुठल्याच साक्षीला उठले नाहीत. रंगरावाचा बांध तसाच भांडणात पडून राहिला.

हे मला आबांनी नाही सांगितलं, त्यांच्या बायकोनं सांगितलं, हौसाक्कांनी. मी त्यांच्याच घरी उतरले होते, तेव्हा भाकरी थापता थापता. "धोंडा लागला असता तर बरं," त्या म्हणाल्या, "पर हसनं लागलं त्यांला."

आबांचं मागणं साधं होतं. आपण खोटं बोललो नव्हतो हे गावानं एकदा कबूल करावं. मरायच्या आधी.

"मला नीट सांगा, कशी होती?" पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं.

"आमच्या चिमीएवढी," हौसाक्कांच्या मांजरीकडं बोट करून ते म्हणाले. "चिमीपरास जरा उंच. अंगभर ठिपकं. फांदीवरनं शेपूट खाली सोडल्यालं, त्येच मला आदी दिसलं. त्येच्यावर बी ठिपकं, पार शेंड्यापतोर. माझ्याकडं बघिटलं तिनं. पळाली न्हाई. म्याच पळालो."

असं सांगणारा माणूस खोटं बोलत नाही, असं माझं मन सांगत होतं. पण मनाचा फोटो निघत नाही ना!

महिनाभर मी काय काय केलं म्हणून सांगू. आज ही घळ, उद्या ती. एका कॅमेऱ्याचा पट्टा उंदरांनी खाल्ला. एकाच्या आत मुंग्यांनी संसार थाटला. एक तर वानरांनी उलटा फिरवून ठेवला आणि आठवडाभर त्यानं झाडाच्या सालीचे फोटो काढले, कारण एक वेडं मुंगळ्यांचं लटांबर त्या सालीवरून जात-येत होतं. रात्री अंगाला तेल चोळत मी माझ्या नशिबाला शिव्या द्यायचे आणि सकाळी पुन्हा बूट चढवायचे.

एकदा मात्र आलं! धुक्यात, जरा पुसट, पण मांजर. अंगावर ठिपक्यांसारखं काहीतरी. मी ओरडलेच. "आबा! आबा, या लवकर!"

आबा धावत आले. लॅपटॉपपाशी बसले. तेवढ्यात चुलीपुढून हौसाक्का पदराला हात पुसत आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! ही तर माजी चिमी! कान बगा तुटका. एवढ्या लांब जाती व्हय गं सटवे?"

सटवी चुलीपाशी अंग चाटत बसली होती. तिनं वर बघायचीही तसदी घेतली नाही. मला त्या मांजरीला उचलून पाताळात भिरकावावंसं वाटलं.

आबा उठले. पटका सारखा करून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ही बातमी कट्ट्यावर कुणी पोचवली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी मी दळण आणायला गेले तर रंगराव गिरणीत धान्य ओतता ओतता म्हणाला, "ताई, म्हनं वाघाटी घावली? दूध पीत हुती न्हवं?"

"रंगराव, तुम्ही माझ्या कॅमेऱ्यापुढं मिशा विंचरायला येऊ नका," मी म्हणाले.

"फोटू बरा आलाय का पर?"

काय बोलायचं या माणसाला! हात टेकले मी.

त्यात एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्या सरांचा फोन आला. "बास झालं आता. कॅमेरे काढ आणि परत ये. कोल्हापूरच्या बाजूला लावायचेत."

"सर, अजून थोडे दिवस..."

"शेळ्यांवर आपल्याला निबंध लिहायचा नाहीये."

आबांना मी हे सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तुमी तरी काय करनार, ताई. तिला यायचं न्हाई तर न्हाई." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या एकादस हाय. म्या काय दाराबाहेर पडत न्हाई उद्या."

का, ते मी विचारलं नाही.

एकादशीला दुपार कलल्यावर मी एकटीच कॅमेरे काढायला निघाले. एकेक सोडून पोत्यात टाकत होते आणि टाकताना प्रत्येकाला एकेक शिवी देत होते. शेवटचा कॅमेरा वरच्या टेकाडावर, एका जुन्या उंबराला समोर धरून बांधलेला. त्या उंबरावर वाघाटीचा वेल असा माजला होता की झाड दिसू नये. भाजीची वाघाटी. हिरव्या फळांनी लगडलेली. "तूच राहिलीस टिंगल करायची," मी तिला म्हणाले आणि मान वर केली.

वेलाच्या आत, फांदीच्या बेचक्यात, ती बसली होती.

मांजर. एवढंसं. चिमीच्या निम्मं असेल नसेल. कपाळावर पांढरे उभे पट्टे, पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, राखी एकरंगी शेपूट अंगाभोवती घेतलेलं, मोठेमोठे डोळे. भर दिवसा. माझ्याकडं बघत. गळ्यातला कॅमेरा मी कसा उचलला, कसे फोटो काढले, मला आठवत नाही. फोटो निघाले एवढं खरं. ती हलली नाही. डोळे बारीक करून पुन्हा पेंगायला लागली.

माझ्या डोक्यात एकच आलं. आबा. फोटो नको, त्यांना ही डोळ्यांनी दिसली पाहिजे.

मी पावलं न वाजवता मागं सरकले, जिथं फोनला रेंज यायची त्या खडकावर चढले. आबांकडं फोन नव्हता. त्यांच्या घराजवळचा माझ्याकडं एकच नंबर होता. गिरणीचा.

"रंगराव, पळत आबांच्या घरी जा आणि सांगा, वाघाटी मिळाली, उंबराच्या टेकाडावर, ताबडतोब या."

पलीकडून रंगराव खो खो हसला. "ताई, तुमी बी? वा! आज एकादस, मी निघालोच हुतो."

"अहो थट्टा नाही! खरी! देवाशप्पथ खरी! माझ्यासमोर बसलीय! रंगराव, आता हसलात तर खाली येऊन गिरणीला कुलूप घालीन!"

माझा आवाज ऐकून तो गप्प झाला. "आईशप्पत?" तो म्हणाला, आणि फोन तसाच टाकून पळाल्याचं मला ऐकू आलं.

मी उंबराकडं परतले. ती होती. मी देव पाण्यात घालून बसले. खाली पायवाटेकडं बघायची, वर तिच्याकडं बघायची. माणूस काही येईना. पुन्हा खडकावर गेले, पुन्हा फोन लावला.

"ताई, म्हातारा येत न्हाई," रंगराव धापा टाकत म्हणाला. "म्या दारात जाऊन म्हनलं, आबा, वाघाटी घावली, चला. तर तांब्या फेकून मारला मला. कपाळाला लागलाय बगा. म्या आईची शपथ घेतली, इठ्ठलाची घेतली. म्हंतोय, दर साली घेतोस."

"मग हौसाक्कांना सांगा! त्यांना पाठवा!"

"त्या निघाल्यात. लई खूश झाल्या."

देवा! निदान त्या तरी बघतील, घरी जाऊन आबांना हात धरून आणतील. मी उंबराखाली दगडासारखी बसून राहिले. आणि मग आवाज आला. पायवाटेवरून, मोकळ्या गळ्यानं, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा.

"कुटं गं ताई, कुटं हाय वाघाटी? बाई बाई, सकाळपास्नं हुडकतीय, बारस सोडायला एक फळ मिळंना! रंगा म्हनला ताईला घावली, तवा म्हनलं देवच पावला!"

हौसाक्का टेकाडावर आल्या. डोक्यावर पाटी, हातात आकडी. मी दोन्ही हात हलवून गप्प राहा म्हणून खुणावत होते. त्यांना वाटलं मी बोलावतेय.

"आलु, आलु! अगं आई, केवढी ही!" आणि त्यांनी आकडीनं वेल खस्सकन खाली ओढला.

वर पानं हलली. एक तांबूस रेघ उंबराच्या मागच्या अंगानं उतरली आणि करवंदीच्या जाळीत गेली. संपलं.

मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. हौसाक्का घाबरल्या. पाटी टाकून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "काय झालं गं लेकी? काटा मोडला का?" मी कसंबसं सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग उंबराकडं, मग हातातल्या फळाकडं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "रंग्याचं थोबाड फुटलं ते! मांजर म्हनायला काय झालं हुतं त्येला?"

मांजर मी तरी कुठं म्हटलं होतं!

बारशीला सकाळी हौसाक्कांनी वाघाटीची भाजी केली. आबा मान खाली घालून जेवले. आदल्या रात्री हौसाक्कांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, पण फोटो बघायला ते तयार नव्हते. "कट्ट्यावर बगू," एवढंच म्हणाले. "म्या सांगिटलं तितं. दिसायचं बी तितंच."

म्हणून मी लॅपटॉप कट्ट्यावर नेला. रंगरावानं गिरणी बंद केली. त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं. बारशीचं जेवून सुस्तावलेलं निम्मं गाव तिथं होतंच. मी फोटो उघडला आणि चांगला आवाज चढवून बोलले. मला महिन्याभराचा राग काढायचा होता.

"बघा! हिला वाघाटी म्हणतात. आपल्याच डोंगरातली. झाडावर बसलेली. वीस वर्षं ज्या माणसाला हसलात ना, त्याचं खरं होतं!"

कुणी हसलं नाही. माणसं वाकून वाकून बघायला लागली. "आयला, खरंच की," कुणीतरी म्हणालं. रंगरावानं फोटो बघितला, पुन्हा बघितला, मग मागं वळून आबांसमोर आला आणि त्यानं कान धरले. "आबा, चुकलो. पाया पडतो."

आबांनी त्याला बाजूला सारलं. खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, नाकावर चढवला आणि पडद्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "शेपूट दावा."

मी शेपूट दिसणारा फोटो मोठा केला.

आबा उठले. चष्मा काढून खिशात ठेवला.

"ही न्हवं," ते म्हणाले.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"ही म्या बघिटल्याली न्हवं. ती मोठी हुती. तिच्या शेपटावर ठिपकं हुतं. हिचं शेपूट साधं हाय."

"आबा!" मी त्यांच्या कानाशी गेले. दातओठ खात कुजबुजले, "अहो, सगळे मान्य करतायत! हो म्हणा ना!"

"का म्हनू?" ते मोठ्यानं म्हणाले. "म्या ही बघिटलीच न्हाई तर हो कसं म्हनू?"

मी पार हताश झाले. डोकं आपटावं कुठं तरी, असं झालं. महिनाभराचे काटे, मुंग्या, शेळ्या, सगळं या एका शब्दापायी, आणि तो शब्द माणूस हातानं लोटून देत होता. आणि चीड याची, की तो म्हणत होता ते असू शकत होतं. वाघाटी दोन असतात. ही छोटी, साध्या शेपटीची, कोरड्या डोंगरातली. दुसरी हिच्याहून मोठी, शेपटीभर ठिपके असलेली. ती घाटापलीकडच्या दाट जंगलातली, इकडं असायचं कारण नाही, म्हणून आबांचे ते शेपटीवरचे ठिपके मी पहिल्याच दिवशी आठवणीतली गफलत म्हणून सोडून दिले होते. दोघींनाही आपले लोक वाघाटीच म्हणतात. पण हे आता कट्ट्यावर कुणाला सांगणार? म्हाताऱ्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. आता पुन्हा हसणार, मरेपर्यंत हसणार, म्हणून मी मान खाली घालून वाट बघत राहिले.

हसलं कुणीच नाही.

रंगराव टेंगूळ चोळत उभा होता. कधी नव्हे ते त्याच्या चेहऱ्यावर विचार दिसत होता.

"आबा," तो म्हणाला, "ही न्हाई म्हंताय, म्हंजी ती हाय."

"हाय म्हंजी? वीस वरसं काय सांगतुया मग?"

"न्हाई तसं न्हाई. एवढं आयतं चालून आल्यालं, समद्यांनी मानल्यालं. म्या आसतो तर हो म्हनून मोकळा झालो आसतो." त्यानं इकडंतिकडं बघितलं. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचा भाऊ बसला होता, ज्याच्याशी तो वर्षानुवर्षं बोलत नव्हता. "आबा, उद्या जरा आमच्या रानात येता का? दोघं बी आसू आमी. त्यो धोंडा कुटं हुता, तेवढं दावा."

भाऊ उठून जवळ आला.

आबांनी पटका काढला, झटकला आणि पुन्हा डोक्याला बांधला. त्याला जरा जास्तच वेळ लावला. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी पटक्याच्या टोकानं टिपलं ते सगळ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"येतो," ते म्हणाले. "पर बांद कुनाच्या अंगाला सरकंल ते म्हाईत न्हाई. हुता तितंच दावनार."

"तेच पायजे," रंगराव म्हणाला.

मी लॅपटॉप मिटला आणि टेकाडावरच्या त्या रेंजच्या खडकावर जाऊन सरांना फोन लावला. वाघाटी मिळाली म्हणून सांगितलं. सर खूश झाले. मग म्हणाले, "छान. आता निघ."

"निघत नाही, सर," मी म्हणाले. "अजून एक आहे इथं. शेपटीवर ठिपके असलेली."

"तू बघितलीस?"

"मी नाही. आबांनी."

सर माझ्यावर जे काही ओरडले ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी रंगरावाच्या बांधावर धोंडा निघाला, आबांनी पाय ठेवला तिथंच, हातभर मातीखाली. आणि मी तिसऱ्या दिवसापासून पुन्हा शेळ्यांचे फोटो बघायला लागले. पुढं कितीतरी वर्षं, आबा गेल्यावरही, जमेल तेव्हा मी त्या डोंगरात कॅमेरे लावत आले. ठिपक्यांच्या शेपटीची ती वाघाटी मला आजतागायत दिसलेली नाही. पण ती तिथं होती, हे मी कुठंही साक्षीला उभी राहून सांगेन.